गॅलरीखालचं अंगण

शालन ओव्हाळला पायरी कळते. जिन्यावर पाऊल टाकलं की ती सांगते, कितवी पायरी अर्ध्या बोटानं उंच झालीय आणि ती बांधताना गवंडी जेवणाच्या घाईत होता की जेवून पेंगत होता. एकतीस वर्षं तिनं तुंगार्लीच्या आणि खंडाळ्याच्या बंगल्यांवर बिगारी म्हणून काम केलं. कामशेतहून सकाळच्या गाडीनं लोणावळा, तिथून जीपनं साइट, आणि मग दिवसभर डोक्यावर घमेलं. तिनं वाहिलेल्या काँक्रीटवर बसून आज लोक धुकं बघत भजी खातात. त्यांतल्या एकाही बंगल्यात ती फरशी बसल्यावर गेलेली नाही. फरशी बसली की बिगाऱ्यांची वाट मागच्या दारानं, आणि रंग लागला की तीही बंद.

हे ती रडगाणं म्हणून सांगत नाही. "आपुन बांधायचं नि कुलूप त्यांनी लावायचं, हा धंद्याचा नेमच हाय," म्हणते. "पन गावात? आपल्याच गावात आपुनच बांधायचं, नि आपल्यालाच कुलूप? ते न्हाई चालायचं."

गाव म्हणजे बोरमाळ. कामशेतच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी. एका अंगाला मराठ्यांची आळी, दुसऱ्या अंगाला बौद्ध वस्ती आणि मधे एक मोठा माळ. या माळावर सुगीनंतर इंद्रायणी भात वाळत पडायचा, यात्रेला कुस्त्या व्हायच्या, चौदा एप्रिलला स्टेज लागायचं आणि उरलेले दिवस पोरं कबड्डी खेळायची. मग तळेगावकडच्या एका कंपनीनं गावाला क्रीडासंकुल बांधून द्यायचं ठरवलं. गावाची समिती झाली. समितीचे अध्यक्ष झाले बाजीराव, कारण बोरमाळात कुठलीही समिती झाली की अध्यक्ष बाजीरावच होतात. माणूस वाईट नाही. फक्त एखादी जागा रिकामी दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते.

पुण्याहून मानसी नावाची आर्किटेक्ट मुलगी आली. तिनं बाजीरावांच्या गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. समितीची सात माणसं त्यावर वाकली आणि समजल्यासारखी मान डोलवायला लागली. शालन डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिथून चालली होती. ती थांबली, भारा उतरवला आणि दोन माणसांच्या मधून डोकं घालून तिनं नकाशा बघितला.

"मॅडम, ह्या पायऱ्यांची पाठ गावाकडं केलीय व्हय?"

मानसीनं मान वर केली. "हो, प्रेक्षकांच्या गॅलरीची मागची बाजू या अंगाला येते. का हो मावशी?"

"शालनबाई," बाजीराव हसत म्हणाले, "हे नकाशाचं काम हाय. घमेल्याचं न्हाई."

"घमेलं न्हेनारीलाच नकाशा आधी बगावा लागतो, भाऊ. सायेब गाडीतनं उतरायच्या आत आमाला ठावं असतं, संडास कुटं यायचाय." पुन्हा मानसीकडं वळून, "ही चौदा फुटाची आंधळी भिंत आमी जलमभर बगायची. आनि पायऱ्यांच्या पोटात काय भरलंय?"

"मुरूम. भराव आहे."

"कशाला? पोट रिकामं सोडा की."

"रिकामं कशासाठी?"

"अवो, जूनपासून चार म्हैने ह्या माळाचं तळं होतं. तवा पोरींनी खेळायचं कुटं? तुमच्या कागदावर?"

समितीतला एक जण खोकल्यासारखं करत हसला. मानसी मात्र हसली नाही. तिनं पेन्सिल कानामागून काढली आणि म्हणाली, "मावशी, जरा इकडे या."

त्या दिवशी गवत तिथंच पडून राहिलं. शालननं मानसीला गावभर फिरवलं आणि प्रत्येक घराची पश्चिमेची भिंत दाखवली. सगळ्या भिंतींना एकाच अंगाला काळं शेवाळ. "आमच्या हितं पाऊस वरनं पडत न्हाई, पोरी. आडवा येतो, डोंगरावरनं. गॅलरीच्या पोटाचं तोंड त्याच्याकडं नगं. त्या अंगाला भिंत घाल आनि गावाकडच्या अंगाला सगळं उघडं ठेव." मग तिनं वस्तीतल्या एका घरापुढच्या विटा रचून गॅलरीच्या पायरीएवढा ओटा केला आणि समोरच्या शेतातून लीलाबाईंना हाक मारली.

लीलाबाई सत्तरीच्या, नऊवारीतल्या, बाजीरावांच्या चुलत चुलती. शालन आणि त्या पंचवीस पावसाळे एका ओळीत वाकून भाताची आवणी करत आल्या होत्या. लीलाबाईंनी विटांवर पाय टाकायचा प्रयत्न केला, दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि म्हणाल्या, "ही पायरी हाय का फाशीचा तख्ता गं?"

मानसीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिसऱ्या नकाशात गॅलरीला तीन ठिकाणी म्हाताऱ्या पायांना झेपतील अशा बुटक्या पायऱ्या आल्या. गॅलरीचं पोट मोकळं झालं. पावसाच्या अंगाला भिंत आणि गावाच्या अंगाला नऊ खांब उघडे. लांबी ऐंशी फूट, रुंदी वीस. नकाशावर त्या जागी लिहिलं होतं, 'सर्वांसाठी मोकळी जागा'. शालननं ते अक्षर बोटानं चाचपून बघितलं, जसं ओलं काँक्रीट बघतात तसं.

काम सुरू झालं तेव्हा शालन गुडघेदुखी विसरून पुन्हा बिगारी लागली. आपल्या गावातलं पहिलं घमेलं तिनं चौपन्नाव्या वर्षी उचललं. ठेकेदाराच्या माणसाला तिनं दोनदा खांबाचं सेंटरिंग खोलून पुन्हा बांधायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "मावशी, तुम्ही इंजिनिअर का काय?" तर ही म्हणाली, "न्हाई बाबा. इंजिनिअर सांच्याला पुण्याला जातो. मला हितंच राहायचंय."

एप्रिलमध्ये गॅलरीखालचे टेकू निघाले. दुसऱ्याच दिवशी शालनची धाकटी मुलगी समीक्षा गावातल्या अकरा पोरी घेऊन तिथं हजर. बोरमाळच्या मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्याला दोनदा दुसरा आला होता. दुसराच, कारण वाकसईकडच्या पोरींना पावसाळ्यात शाळेचा हॉल होता आणि ह्यांना जुलैत थेट चिखल. पोरींनी गॅलरीखालच्या मुरमावर फक्कीनं रेघा मारल्या, दोन खांबांच्या मधून चढाई केली, आणि एकीनं वर बघून "आई गं, छप्पर!" असं इतक्या नवलानं म्हटलं की सगळ्या हसत सुटल्या.

बाजीरावांनी खांब मोजले. खांब नऊ, म्हणजे मधले गाळे आठ.

चार दिवसांत गावभर झालं की गॅलरीखाली आठ दुकानं निघणार. शटर लोणावळ्याला बनवायला टाकलेत, दहा मेला बसणार. नावंही ठरली होती. मोबाइलवाला, चिकनवाला, बाजीरावांच्या मेहुण्याचं हार्डवेअर. शालन तडक त्यांच्या ओट्यावर गेली.

"भाऊ, नकाशात मोकळी जागा लिवलीय."

"बसा, शालनबाई. चहा घ्या." बाजीराव शांत होते. "नकाशा कंपनीनं दिला, जागा पंचायतीच्या ताब्यात आली. आता मला सांगा, हे संकुल झाडायचं कुनी? दिवे गेले तर लावायचे कुनी? गाळ्यांचं भाडं आलं तर चार पैसे हाताशी राहतील. मी काय माझ्या घरी न्हेनार हाय?"

ह्यात खोटं काही नव्हतं आणि तेच शालनला जड गेलं. ती उठली तेव्हा बाजीराव मागून म्हणाले, "आठवा गाळा अजून कुनाला दिला न्हाई. तुमची समीक्षा बारावी झालीय. झेरॉक्सचं दुकान टाकू द्या तिला. तुमीच इतकी मेहनत घेतलीत, तुमचा हक्क हाय."

घरी येऊन शालननं मुलीला सांगितलं. समीक्षा गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागी हळद लावत होती.

"दुकान वाईट नाही, आई," ती म्हणाली.

"न्हाईच. मी कुटं वाईट म्हन्ले?"

"दहा बाय वीसचा गाळा म्हणजे एवढासा. त्यात चढाई केली तर झेरॉक्सच्या मशीनवरच पकड होईल." मग हळदीचं बोट पुसत म्हणाली, "त्यांना सांग, मला आठही पाहिजेत. फक्त मधल्या भिंती नकोत."

शालननं मानसीला फोन केला. मानसी हळहळली, पण तिच्या हातात काही नव्हतं. "मावशी, माझं काम संपलं हो. कंपनीला मी पत्र टाकते, पण आता ते गावाचं आहे. ग्रामसभेत ठराव करून घ्या." एक मेच्या ग्रामसभेला शालन वस्तीतल्या बायका घेऊन गेली, तर सभा माणसं कमी म्हणून तहकूब. लग्नसराईत कोण येणार सभेला? पुढची सभा पंधरा ऑगस्टला. शटर दहा मेला.

सात मेला दुपारी ती लीलाबाईंकडं शेवया वळायला गेली. लीलाबाईंचा नातू कैलास, त्याचं लग्न चोवीस तारखेला, सुदुंबऱ्याची मुलगी. लीलाबाईंच्या डोक्याला मात्र वेगळाच घोर होता. मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि त्यांचं अंगण त्यात गेलं. आता उंबऱ्यातून पाय काढला की थेट डांबर.

"लगीन कार्यालयात लागंल गं," लीलाबाई म्हणाल्या. "पन मेढ कुटं रोवू? डांबरात? मुहूर्तमेढ रोवल्याबिगर घरचा मांडव न्हाई, नि मांडवाबिगर लगीन कसलं?"

मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. मुहूर्त बघून रोवायचा, हळदकुंकू लावायचं, आणि मग त्याच्या आधारानं मांडव. शालनच्या घरात हे काहीच नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा सगळं सोडलं ते सोडलं. पण तिच्या हातातली शेवई मधेच थांबली.

"मावशी, ती मेढ एकदा रोवली की काढत्यात कवा?"

"मांडव परतला की."

"आनि मांडव कवा परततो?"

"गोंधळ झाल्यावर. आमच्यात जागरण-गोंधळ झाल्याबिगर मेढीला हात लावत न्हाईत."

"मधीच कुनी उपटली तर?"

लीलाबाईंनी कानाला हात लावला. "नाव काडू नगंस. भरल्या घरात असं करील कोन? वाईट होतं त्याचं."

"गोंधळ कवा हाय मग?"

"गोंधळी मोकळा असंल तवा..." बोलता बोलता लीलाबाई थांबल्या. शालनकडं बघितलं. शालन परातीकडं बघत होती, पण तिच्या ओठांचा कोपरा हलत होता.

"तुझं डोकं लय वंगाळ हाय, शालन."

"गॅलरीखाली मुरूमच हाय अजून. खड्डा मी खनून देते. आनि बाजीराव भाऊ तुमच्या भावकीतलेच. मेढ त्यांचीबी."

लीलाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांतल्या पाण्यानं शेवया भिजल्या. मग पदर तोंडावरून काढून एकदम गंभीर झाल्या. "लोक म्हनतील, घर सोडून मेढ कुटं न्हेली."

"म्हना, रस्त्यानं अंगण खाल्लं, आता गावाचं अंगण हेच."

नऊ मेला सकाळी शालननं पहारीनं दोन फूट खड्डा खणला. साडेनऊचा मुहूर्त. लीलाबाईंच्या घरच्या पाच सवाशिणी हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, मागं वाजंत्री, कैलास नव्या टोपीत अवघडलेला. मेढीला आंब्याचे डहाळे बांधलेले. लीलाबाई आणि शालन दोघीही विधवा, म्हणून रिवाजाप्रमाणे दोघी लांब, शेवटच्या खांबाशी उभ्या. सवाशिणींनी मेढ उभी केली, माती लोटली, आणि मेढ कलली. पुन्हा सरळ केली, तर दुसऱ्या बाजूला कलली. वाजंत्रीवाल्यानं सनई काढून तोंड पुसलं.

शालनला राहवेना. धर्मातलं तिला काही करायचं नव्हतं, पण वाकडा खांब तिनं आयुष्यात उभा राहू दिलेला नाही. कनवटीतून ओळंबा काढला, दोरीला लोंबणारं ते पितळेचं वजन, आणि चार ढांगा टाकत ती पुढं गेली.

एक बाई पुटपुटली, "अगं, हिनं कसा हात लावायचा?"

"का? खड्डा खनला तवा चालला की हात," शेवटच्या खांबापासून लीलाबाईंचा आवाज आला. त्या चालत मेढीपर्यंत आल्या, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांनी दोन्ही हातांनी मेढ धरली. "वळंबा तिला येतो. तुला येतो का? मग गप ऱ्हा. बोल शालन, कुठल्या अंगाला?"

"तुमच्या डाव्या. अजून. एक बोट. थांबा." शालननं माती ठोकली, पायानं दाबली, पुन्हा ओळंबा धरला. दोरी मेढीला समांतर राहिली. "आता वाजवा."

दहा तारखेला सकाळी टेम्पो आला. आठ शटर, वेल्डिंगचं मशीन आणि दोन कारागीर. मागून बाजीरावांची गाडी. पहिल्या दोन खांबांच्या मधे मेढ उभी, आंब्याची पानं अजून हिरवी. बाजीराव गाडीतून उतरले ते मेढीकडं बघतच राहिले.

"हे काय हाय?"

"मेढ," शालन म्हणाली. ती गॅलरीच्या बुटक्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. शेजारी लीलाबाई, पलीकडं समीक्षा आणि तिच्या पोरी. "वळखत न्हाई व्हय? तुमच्याच भावकीची हाय. काल तुमची वाट बगितली, तुमी आला न्हाई."

"काकी!" बाजीरावांचा आवाज चढला. "तुमी हितं कशाला रोवली? माझ्या दारात रोवायची. माझं अंगण काय थोडं हाय?"

"तू इचारलंस का, म्हातारे, तुझं अंगण गेलं, आता काय करतीस?" लीलाबाई म्हणाल्या. "मेढ रोवली. आता हालवायची न्हाई."

बाजीराव कारागिरांकडं वळले. "तुमी पलीकडनं सुरू करा. शेवटच्या गाळ्यापास्नं."

"तिकडं मांडवाचे डहाळे यायचेत," शालन म्हणाली. "मांडव नऊ खांबांचा हाय."

मोठा कारागीर लोणावळ्याचा, दाढीवाला, वयस्क माणूस. त्यानं मेढ बघितली, बायका बघितल्या आणि वेल्डिंगची वायर पुन्हा गुंडाळायला लागला. "शेठ, लग्नाच्या मांडवात मी काम नाही करत. माझ्या पोरीचंबी लग्न आहे पुढच्या महिन्यात."

"लगीन चोवीसला हाय ना? मग पंचवीसला या," बाजीराव म्हणाले.

"पंचवीसला सत्यनारायण," लीलाबाई म्हणाल्या.

"मग सव्वीसला."

"गोंधळ राहिलाय की. गोंधळी मोकळा झाला की सांगते तुला."

"अहो, पन गोंधळी कवा मोकळा होनार?"

"ते खंडोबालाच ठावं, बाळा."

पोरी इतका वेळ ओठ दाबून बसल्या होत्या. आता त्यांतली एक फुटली आणि मग सगळ्याच. बाजीरावांचा चेहरा लाल झाला. त्यांना मेढ उपटता येत होती, हात होते. पण चुलतीच्या घरचं शुभकार्य मोडणारा माणूस म्हणून गावात वावरता येणार नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. टेम्पो परत गेला.

शालन मात्र जिंकल्यासारखी वागली नाही. मेढ म्हणजे काही कायदा नव्हे, हे ती ओळखून होती. ऑगस्टपर्यंत तीन महिने काढायचे होते, आणि जागा एक दिवसही रिकामी दिसली की शटर आलंच. समीक्षानं पहिल्या खांबाला एक कॅलेंडर टांगलं आणि कुठल्या दिवशी कुणाचं काय ते त्यावर लिहायला लागली. चोवीसला कैलासचं लग्न कार्यालयात लागलं, पण गावजेवणाची पंगत तिथंच बसली. जूनच्या दोन तारखेला वस्तीतल्या सविताचं लग्न, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं, त्याच नऊ खांबांच्या मधे. अक्षतांऐवजी फुलं टाकतात, हे लीलाबाई पहिल्या रांगेत बसून बघून गेल्या. मग आळीतली आणखी एक मेढ. मग शाळेचे वर्ग गळायला लागले म्हणून तिसरी-चौथीची पोरं आठवडाभर गॅलरीखाली. आवणीच्या दिवसांत दुपारचं जेवण तिथं, पावसात पाठीवर घ्यायची ओली इरली खांबांना टांगून. रोज संध्याकाळी पाच ते सात कबड्डी, ते कुणाच्या लग्नासाठीही हलवलं नाही. एकदा नवरदेवाची वरात थांबवून पोरींनी शेवटची चढाई पुरी केली. वऱ्हाड आधी चिडलं, मग टाळ्या वाजवायला लागलं.

जुलैत टेम्पो पुन्हा येऊन गेला. त्या दिवशी गॅलरीखाली डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर होतं आणि रांगेत बाजीरावांची आई सर्वांत पुढं बसलेली होती.

लोकांचं मन मात्र एकसारखं नव्हतं. गाळ्याची आशा लागलेली आठ घरं होती, आणि आठ घरं म्हणजे आठ भावक्या. कैलासनंही एक गाळा मागून ठेवला होता, हे लीलाबाईंना उशिरा कळलं. त्या दोन दिवस शालनकडं आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "नातवाला म्हनलं, तुझी मेढ जितं रोवली तितं तू शटर लावनार? तर म्हनतो, आजी, पोट कसं भरायचं? मी काय सांगू गं?"

"त्याचं खरंच हाय," शालन म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मानसीला फोन लावला. मानसीनं विचारलं, "रस्त्याकडेला पंचायतीची काही जागा आहे का, मावशी?"

होती. जुन्या चावडीमागं, रस्त्याला लागून, उकिरडा साचलेली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा. पंचायतीच्या खोलीत साठ माणसं मावतात, आणि त्या दिवशी आली होती तीनशेच्या वर. पाऊस आडवा. अर्धी माणसं खिडकीबाहेर छत्र्या धरून. शालन दारातूनच ओरडली, "ग्रामसेवक सायेब, सभा हितं कशाला? गॅलरीखाली चला की! बगू द्या सगळ्यांना, काय विकाय काढलंय ते."

बाजीराव "नको नको" म्हणेपर्यंत लोक निघालेही होते. ग्रामसेवक रजिस्टर छातीशी धरून चिखलातून पळाला. तीनशे माणसं गॅलरीखाली बसली, पाऊस मागच्या भिंतीवर आपटत राहिला आणि आत एक थेंब आला नाही.

बाजीराव चांगलं बोलले. देखभाल, उत्पन्न, पोरांचा रोजगार. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "मी काय हट्टी माणूस न्हाई. आठ नको, चारच गाळे करू. चार खेळाला, चार धंद्याला. निम्मं तुमचं, निम्मं आमचं."

कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर हाय की." वस्तीतल्या दोन बायकांनीही माना हलवल्या. शालनला वाटलं, जमीन सरकतेय. भांडण सोपं असतं. निम्म्यावर तोडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड.

ती उभी राहिली. समीक्षाला म्हणाली, "रेघा मार गं. निम्म्यात."

समीक्षानं फक्कीची पिशवी घेतली, बसलेल्या माणसांना उठवत पाचव्या खांबापासून मागच्या भिंतीपर्यंत पांढरी रेघ ओढली.

"ह्या रेघंच्या पलीकडं चार शटर," शालन म्हणाली. "आता पलीकडचे समदे उठा आनि अलीकडं या. या, या, बाजीराव भाऊ, तुमीबी. निम्म्या जागंत बसा, तसंच बसायचंय जलमभर."

लोक उठले. दीडशे माणसं अलीकडच्या दीडशेंच्या अंगावर आली. पोरं रडली, गुडघे आपटले, कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी बोटांवर पडला, आणि कडेची चाळीस माणसं खांबांच्या बाहेर, धो धो पावसात उभी राहिली. त्यांत कैलास होता. त्यांत खुद्द बाजीरावही होते, एका पायावर चिखल, एक पाय आत.

"सरका की आत!" ते ओरडले.

"कुटं सरकू?" लीलाबाई म्हणाल्या. "पलीकडं शटर हाय न्हवं तुझं?"

हसण्याचा असा लोंढा उठला की ग्रामसेवकाला रजिस्टर सावरता येईना. हसू ओसरल्यावर शालन बोलली, तिच्या मानानं हळू. "दुकानं वाईट न्हाईत. कैलासला पायजे, माझ्या पोरीलाबी मिळत होतं. चावडीमागं उकिरडा हाय, रस्त्याला लागून. गाळे तितं बांधा, गिऱ्हाईकबी तितंच येतं. मी घमेलं उचलते, खांब सरळ करून देते. पन हितं एकबी न्हाई. चार न्हाई, दोन न्हाई, एक न्हाई. एकतीस वर्सं मी दुसऱ्यांची दारं बंद व्हताना बगितली. हे उघडं ऱ्हायला पायजे."

हात वर झाले. ग्रामसेवकानं मोजले, मग मोजायचं सोडून दिलं. कैलासचा हात जरा उशिरा वर आला, पण आला. बाजीरावांचा आला नाही.

शालननं ठराव लिहून होईपर्यंत ग्रामसेवकाला उठू दिलं नाही. त्यानं वाचून दाखवलं, 'सदर जागा सर्व ग्रामस्थांसाठी मोकळी ठेवण्यात यावी'. "नुसतं मोकळी नगं," ती म्हणाली. "लिवा, शटर न्हाई, दार न्हाई, जाळी न्हाई, कुलूप न्हाई. नायतर उद्या म्हनाल, मोकळीच हाय, फक्त जाळी लावलीय." त्यानं लिहिलं. तिनं सही केली, पूर्ण नाव आणि आईचंही.

उठता उठता बाजीराव म्हणाले, "ठराव झाला, बरं झालं. आता घाण झाली की झाडनार कोन, तेबी लिवा."

"ते कवाच लिवलंय," शालन म्हणाली आणि खांबावरच्या कॅलेंडराशेजारचा कागद दाखवला. घराघराची पाळी, आळी आणि वस्ती आलटून पालटून. "सोमवारी तुमचं घर."

सोमवारी बाजीरावांच्या घरून सूनबाई झाडू घेऊन आल्या. शालननं त्यांना पायरीवर बसवलं, चहा पाजला आणि झाडू तसाच परत दिला. "पाळी भाऊंच्या नावावर हाय, बाई. तुमची वेगळी येईल." मंगळवारीही बाजीराव आले नाहीत, आणि त्यांची पाळी शालननं पुढच्या घरावर जाऊ दिली नाही. पोरी पालापाचोळ्यातच खेळल्या. समीक्षा म्हणाली, "आई, मी झाडते ना, दहा मिनिटांचं काम." शालननं तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

बुधवारी पोरी सकाळी जादा सरावाला आल्या तर गॅलरीखालचा मुरूम झाडलेला होता. वेडावाकडा, घाईघाईत, आणि नवव्या खांबापाशी कचऱ्याचा ढीग तसाच टाकलेला. शालननं येऊन बघितलं. थोड्या वेळानं डेअरीवर दुधाची किटली घेऊन बाजीराव रांगेत उभे होते, कुणाकडं न बघता.

"भाऊ," ती रांगेच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाली, "कोपरे राहिलेत."